आपल्या शेतातला सरवा

बाळाराम काकानं माझ्या शिक्षणाची चौकशी जन्मात एकदाच केली, आणि तीही आईच्या नावानं चोरीची कबुली माझ्याकडून इंग्रजीत लिहून घ्यायची होती म्हणून. काकाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तो होता तोवर बोलायची आमची टाप नव्हती, गेल्यावर बोलायचं नाही, मग माणसानं बोलायचं तरी कधी? शिवाय माझा राग एकट्या काकावर नाही. त्यात आईचाही वाटा आहे, आणि तिच्यावरचा राग तर मी कुणाला दाखवूही शकत नाही, कारण ऐकणारा प्रत्येक जण तिचीच बाजू घेतो.

भिवंडीजवळच्या राहनाळला आमचं घर एकाच छपराखाली होतं, पण चुली दोन होत्या. बाबा गेल्यावर काकानं मधोमध विटांची भिंत घातली, आणि घालताना अशी घाई केली की ती आढ्यापर्यंत नेलीच नाही. वर हातभर जागा मोकळी राहिली. त्या फटीतून पलीकडचं सगळं आमच्याकडे यायचं. आमचं पलीकडे काही जात नसावं, कारण जाण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतंच. काकीचा मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळच्या मालिकांमधलं रडणं, काकाचं फोनवरचं "शेठ, जागा क्लिअर हाय, टेन्शन नका घेव," आणि दर रविवारी तळलेल्या पापलेटाचा वास. आमच्या बाजूला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. जवळा मला आवडायचा, आजही आवडतो, पण पापलेटाच्या वासात बसून जवळा खावा लागला की तो घशाखाली उतरत नाही. आई भाकरी थापायची तीही जोरजोरात, जणू परातीवर तिचा काही जुना राग होता. ताडाचं शेत काकाच्या एकट्याच्या नावावर कसं झालं, बाबा दवाखान्यात पडून असताना कोण कसले कागद घेऊन आलं होतं, हे मी इथे उगाळत बसत नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, एवढं म्हटलं की आमच्या गावात पुढचं सांगावं लागायचं नाही.

ताडाचं शेत म्हणजे कोपऱ्यात एक ताड उभा असलेलं भाताचं शेत, दुसरं काही विशेष नाही. आई तिथली मालकीण होती, आणि मालकीण म्हणजे काय हे मला तिच्या हाताच्या फटक्यानं कळलं. मी अगदी लहान होते. कापणी झाली होती, भारे खळ्यावर गेले होते आणि शेतात नुसते खुंट उरले होते. खुंटांच्या मधे लोंब्या पडलेल्या दिसल्या. मी मूठभर गोळा केल्या आणि मोठ्या फुशारकीनं आईपुढे हात केला. तिनं त्या हातावर चापट मारली.

"ठेव ते खाली. ते आपलं न्हाय."

"शेत आपलं हाय ना?"

"शेत आपलं हाय म्हनूनच. सरवा घरच्यांनी येचाचा नस्तो."

कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं भात म्हणजे सरवा. तो वेचायला वाडीवरच्या बाया यायच्या, सगळ्यांच्या पुढे जनीबाय, काटकुळी, तोंडात तंबाखू, आणि हात इतका चपळ की लोंबी उचललेली दिसायचीच नाही. आमच्याकडची पद्धत अशी होती की जमिनीला टेकलेली लोंबी मालकाची राहत नाही. मालकानं ती उचलली तर शेताला वाटतं, धनी भिकेला लागला, आणि पुढच्या साली ते पिकत नाही. आणखीही एक नियम होता. वेचणाऱ्या बायांकडे बघत उभं राहायचं नाही. आई बांधावरून हाक मारायची, "या गो, येचा," आणि पाठ फिरवून मला दंडाला धरून घरी चालायला लागायची. मी मान वळवली की म्हणायची, "येचनाऱ्याकडं बगाचं नस्तं. त्यांच्या हाताला लाज वाटते." भारे वाहताना ती मुद्दाम थोड्या लोंब्या सांडते, असा काकीचा आरोप होता. तो खरा असावा.

बाबांनी मला भिवंडीच्या एका रद्दीवाल्याकडून इंग्रजी-मराठी शब्दकोश आणून दिला होता. त्याला पुठ्ठा नव्हता आणि पुढची पानं गळालेली होती, त्यामुळे माझं इंग्रजी एकदम डी अक्षरापासून सुरू व्हायचं. शाळेत इंग्रजीला जे सर होते त्यांचं नाव मी घेत नाही, कारण त्यांचे विद्यार्थी अजून त्यांना वाढदिवसाला हार घालतात आणि मला त्या भानगडीत पडायचं नाही. त्यांनी एकदा फळ्यावर गॅदर, कलेक्ट, ग्लीन अशी क्रियापदं एकाखाली एक लिहिली, पुढे एक मोठा महिरपी कंस काढला आणि कंसाच्या बाहेर लिहिलं, गोळा करणे. "सगळं एकच आहे," ते म्हणाले. "ग्लीन फक्त उताऱ्याच्या प्रश्नात येतो. उताऱ्यातून माहिती गोळा करा. लिहून घ्या." घरी येऊन मी कोश उघडला. कलेक्ट गळालेल्या पानांबरोबर गेला होता, पण ग्लीन होता, आणि त्याच्यापुढे पहिलाच अर्थ दिला होता, शेत कापून झाल्यावर पडलेली कणसे वेचणे, सरवा वेचणे. माहितीबिहिती नंतर, खालच्या ओळीत. मी तो अर्थ पुन्हा पुन्हा वाचला. म्हणजे त्या लोकांच्या शेतातही लोंब्या सांडत होत्या आणि त्यांच्याकडेही कुणीतरी जनीबाय होती, आणि तिच्या कामाला त्यांनी वेगळा शब्द ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उठून ते सांगितलं. सरवा हा शब्द ऐकूनच अर्धा वर्ग हसला. शाळा भिवंडीला, शहरातली मुलं होती, त्यांना तो शिवीसारखा वाटला असेल. सर म्हणाले, "बोर्डाच्या परीक्षेत माहिती वेचतात, तुमच्या गावचं भात नाही. खाली बस." ते "खाली बस" मला अजून ऐकू येतं. सगळं एकच म्हणे! मराठीत तरी एकच आहे का? पारिजातक वेचतात, मोगरा खुडतात, तांदूळ निवडतात, वर्गणी जमा करतात, आणि बाबांची राख निवली तेव्हा आम्ही ती सावडली. ही कामं ज्याला एकच वाटतात त्यानं त्यातलं एकही स्वतः केलेलं नसणार. पण मी खाली बसले आणि वहीत गोळा करणे असं लिहून घेतलं.

मी दहावीत गेले तोवर ताडाच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं होतं. राहनाळमध्ये तेव्हा रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतावर पत्रे चढत होते. ताड तोडला आणि बरोबर त्याच जागी लोखंडी गेट बसवलं. जागा काकानं फोनवरच्या त्या शेठच्या कंपनीला भाड्यानं दिली, आणि आत माणसं पुरवायचा ठेकाही त्यानंच घेतला. आईला त्यानं झाडू मारायच्या कामावर लावलं, आणि हे तो रस्त्यात माणसं थांबवून सांगायचा. "वयनीला मीच काम दिलंय. घरचं मानूस, टाकून कसं चालंल?" आई कामावर गेली. माझ्या शाळेसाठी गेली, हे मला ठाऊक होतं. तेवढं पुरे नव्हतं म्हणून तीही ते मला अधूनमधून ऐकवायची.

गोडाऊनमध्ये लांब दाण्याच्या बासमतीची पोती यायची. हमाल ती आकड्यानं ओढायचे, आकडा लागला की पोतं फाटायचं, तांदूळ भुरभुर सांडायचा. आई तो केरापासून वेगळा झाडून दाराजवळ त्याचा ढीग करायची. तिच्याबरोबर झाडायला जनीबाय आणि वाडीवरच्या आणि आमच्या आळीतल्याही काही बाया होत्या. काम संपलं की आई ढिगाकडे हात करायची, "या गो, येचा," आणि पाठ फिरवून गेटबाहेर पडायची. बाया तो पदरात घेऊन घरी न्यायच्या. जमीन तीच होती, बाया त्याच होत्या, हाक देणारी तीच होती. वर पत्रा आणि खाली सिमेंट आलं म्हणून पद्धत बदलते, हे त्यांच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. आईच्या तर नाहीच नाही. आणि पद्धत म्हटली म्हणजे ती घरच्यांनाही लागू. आमच्या घरात त्या तांदळाचा एक दाणा आला नाही.

हे मला असह्य व्हायचं. संध्याकाळी आळीत बासमती शिजल्याचा वास सुटायचा. ज्यांच्या घरी सणालासुद्धा कणीचा भात व्हायचा त्यांच्या टोपातून तो वास यायचा, आणि झाडून ढीग घालणाऱ्या बाईच्या घरी रेशनचा जाडा, पिवळा, खड्यांचा तांदूळ. एकदा जेवताना दाताखाली खडा आला आणि माझा तोल गेला.

"मूठभर आन ना तो तांदूल. सगल्या नेतात."

"ते आपलं न्हाय."

"आता शेत पन आपलं न्हाय!" मी ओरडले. "उगाच मालकीनपना कशाला करतंस? झाडू मारतंस तू तिथं."

आईनं माझं ताट उचललं आणि त्यातला भात बाहेर नेऊन कोंबड्यांना टाकला. मग आत येऊन स्वतः शांतपणे जेवली. मी उपाशी झोपले. भिंतीच्या वरच्या फटीतून काकीचं हसू ऐकू आलं. ते मालिकेला होतं की आम्हाला, ते मला कळलं नाही.

मग एके दिवशी गोडाऊनच्या कंपनीनं गेटवर नवा वॉचमन ठेवला, आणि त्यानं जनीबायचा पदर सोडायला लावला. पाठोपाठ सगळ्याच बायांचे पदर सुटले. आतून साहेब आला. तो बाहेरगावचा होता, हिंदी आणि इंग्रजी बोलायचा, आणि नेहमी दात दुखत असल्यासारखा दिसायचा. त्यानं विचारलं, "चावल किसने दिया?" बायांनी खरं ते सांगितलं. "हिराबायनी दिला." हिराबाय म्हणजे माझी आई. साहेब म्हणाला, "ये हीराबाई कौन है? मालकिन है क्या?" आणि त्या सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "हां, मालकीन हाय ना ती."

यात त्यांचा काही डाव नव्हता. इतकी वर्षं जिला मालकीण म्हणायचं तिला त्या मालकीण म्हणाल्या. पण साहेबानं काकाला बोलावून घेतलं आणि तोंडावर विचारलं, तुम्ही तर म्हणालात जागा तुमची एकट्याची आहे, मग ही मालकीण कुठून आली? काकाची पाचावर धारण बसली. "जागा क्लिअर हाय" म्हणून ज्या शेठला फटीतून ऐकू येईल इतक्या जोरात सांगत होता, त्याच्या कानावर हे गेलं तर? तेव्हा त्यानं आपल्या डोक्यानं तोड काढली. आईनं लिहून द्यायचं की आम्ही झाडूवाल्या, आम्ही गोडाऊनमधला तांदूळ चोरला, पुन्हा असं करणार नाही. म्हणजे मालकीण संपली आणि चोरी करणारी झाडूवाली उरली. साहेबालाही त्याच्या वरच्यांना दाखवायला काहीतरी हवंच होतं, त्यानं मान डोलावली. मात्र लिखाण इंग्रजीत हवं, आणि आमच्याच माणसाच्या हातचं हवं, म्हणजे उद्या कंपनीनं लिहून घेतलं असं कुणी म्हणायला नको.

काकाचा रितेश इंग्रजी माध्यमात शिकत होता. त्याच्या बुटांना रोज पॉलिश आणि गळ्यात टाय. काकानं आधी त्यालाच बसवलं होतं. त्यानं रिस्पेक्टेड सर असं वळणदार लिहिलं, खाली रेघ मारली आणि पेन चघळत बसला. हे मला फटीतून ऐकू आलं, आणि खरं सांगते, त्या सगळ्या संकटात मला तेवढंच एक सुख मिळालं. मग काका भिंतीला वळसा घालून आमच्या दारात आला. बाबा गेल्यापासून तो आमच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता, तेव्हाही आला नाही.

"काय गो दर्शना, विंग्रजी जमतंय ना तुला? कितवीत हाईस?" त्यानं मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आईकडे वळला. "वयनी, दुपारी हिला घेऊन आफिसात ये. ही लिवील, तू सही कर. सही केलीस तर तू पन कामावर आन त्या बाया पन. न्हाय केलीस तर उद्यापासून सगल्यांना गेट बंद. आन हिची शाला पन बस झाली मग. कामतघरला माज्या वलखीचा लूमवाला हाय, सुताच्या कांड्या भराला पोरी लागतात त्याला."

आई म्हणाली, "बरं." एवढंच. मला वाटलं ती सही करणार.

मी कोश घेऊन बसले. चोरीचा शब्द शोधायला नाही, तो मला येत होता. मला ग्लीन पुन्हा एकदा बघायचा होता, तो खरोखर तसाच आहे ना याची खात्री करायला. होता. पडलेली कणसे वेचणे, सरवा वेचणे. कोशात कुठेही चोरी नव्हती. मला एकदम हुशारी आली. आईला चोर ठरवायचा कागद माझ्याच हातून लिहिला जाणार होता, मग त्यातला तो एक शब्द काढून दुसरा घालणंही माझ्याच हातात होतं. आईचं नाव वाचणार, बायांचं काम वाचणार, माझी शाळा वाचणार, आणि काकाला काही कळणारसुद्धा नाही. दुपारपर्यंत मी ते वाक्य मनातल्या मनात घोकत राहिले.

साहेबाच्या खोलीत एसी होता आणि थंडीनं माझी बोटं आखडली होती. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर बायांच्या पदरातून काढलेला तांदूळ ठेवला होता, मुद्देमाल म्हणून. काका खुर्चीत बसला. आई दाराशी उभी राहिली. काचेतून गेटपाशी जमलेल्या बाया दिसत होत्या. साहेबानं सांगितलं, लिहा, "वी हॅव स्टोलन राइस फ्रॉम द गोडाऊन." मी लिहिलं, पण स्टोलनच्या जागी ग्लीन्ड लिहिलं, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं वाचलं. कपाळाला आठ्या घातल्या. "ये ग्लीन्ड क्या है?"

"सर, ग्लीन," मी म्हणाले. माझं इंग्रजी तिथेच संपलं, पुढचं हिंदीत सांगितलं. "खेत काटने के बाद जो नीचे गिरता है ना, वो गरीब लोग उठाते हैं. उसको ग्लीन बोलते हैं. चोरी नहीं होती वो. डिक्शनरी में है."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, खरंच हसला, दातदुखी थांबल्यासारखा. "अच्छा. चलो, ठीक है. चावल लिया, ये तो लिखा है ना. चलेगा. साइन करवाओ."

मी जिंकले होते. काकानं विचारलं, "क म्हनतो?" मी म्हणाले, "चालेल म्हनतात." त्यालाही ते चाललं. त्याला चोरी हवी होती असं नाही, त्याला आईची झाडूवाली म्हणून सही हवी होती. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त माझा शब्द दिसत होता. पेन आईच्या हातात दिलं.

"क लिवलंस?" आईनं विचारलं.

"चोरी न्हाय लिवली," मी हळूच म्हणाले. "सरवा लिवलाय. आमी सरवा येचला, असं. त्यांच्यात पन शब्द हाय त्याला."

माझी अपेक्षा होती की ती माझ्याकडे कौतुकानं बघेल. ती कागदाकडेच बघत राहिली. मग तिनं पेन टेबलावर ठेवलं.

"ते पन खरं न्हाय."

"कसं न्हाय? तू रोज ढीग करतंस, बाया येचतात."

"बाया येचतात. मी कवा येचला? सरवा दुसऱ्याच्या शेतात येचतात. ह्ये शेत माजं हाय."

काका ताडकन उठला. "वयनी, गप सही कर!" साहेबानं विचारलं, "क्या बोल रही है ये?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण दोन्हीकडचं समजणारी तिथे मीच होते. मला आईचा इतका राग आला होता की तिचा गळा दाबावासा वाटला, आणि काकाचा तर त्याहून. त्या रागातच मी स्वच्छ, मोठ्यानं सांगितलं, "साब, वो बोलती है, ये खेत उसका है. अपने खेत में कोई ग्लीन नहीं करता."

काका काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. त्यात बाबांचं नाव होतं, माझ्या चालचलणुकीचा उद्धार होता आणि आम्हा दोघींना घराबाहेर काढायची धमकी होती. साहेबाचे दात पुन्हा दुखायला लागले. "बाहर जाओ, सब लोग बाहर जाओ," तो म्हणाला.

सही न झाल्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. गेट सगळ्यांना बंद झालं. आळीतल्या बायांनी कित्येक दिवस आईशी अबोला धरला. नळावर एक जण तिला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हिच्या मालकीनपनापायी आमचा तांदूल ग्येला," आणि मला ते पटलं. काकाचं मात्र काही वाकडं झालं नाही. शेठनं चौकशी केली, कागद बघितले, कागद काकाचेच होते. दहावी झाल्यावर मी कामतघरला कांड्या भरायला गेले. लूमच्या खडखडाटात कान बधिर व्हायचे, नाकातोंडात कापूस जायचा, जेवायला बसले की हाताला सुताचा वास. अकरावीला मी जाऊ शकले ती पुढच्या वर्षी. तिचा ताठा तिला शोभला, कांड्या मात्र मी भरल्या. हे मी आईला तिच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा एकदा ऐकवलं. ती म्हणाली, "मंग? भरल्यास ना?"

आज इंग्रजी कागद मराठीत करून देणं हे माझं पोट भरायचं काम आहे. त्या कागदांत ग्लीन अधूनमधून भेटतो. कंपन्या सगळीकडून माहिती ग्लीन करत असतात. मी तिथे माहिती मिळवणे असं लिहिते आणि पुढे जाते. चांगला शब्द आहे माझ्याजवळ, पण मी तो त्यांना देत नाही.

तर साहेब बाहर जाओ म्हणाला. मी निघाले, पण आई निघाली नाही. ती टेबलापाशी गेली, तांदळाखालच्या वर्तमानपत्राचे चारी कोपरे धरले आणि गाठोडं उचलून चालू लागली. साहेब बघत राहिला. वॉचमन पुढे झाला, पण तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला सरला. आम्ही गेटबाहेर आलो. तिथे, जिथे ताड होता त्याच्या बाजूला, तिनं कोपरे सोडून दिले. लाल मुरुमावर पांढरा तांदूळ पसरला. बाया गेटपाशीच उभ्या होत्या.

"या गो," आई म्हणाली, "येचा."

कुणी हललं नाही. सगळ्या जणी आमच्या मागे बघत होत्या, कारण काका दारात येऊन उभा राहिला होता. मला ते सहन होईना. गेटही गेलं, शाळाही गेली, निदान हा तांदूळ तरी घरी जाऊ दे, एकदा तरी आमच्या टोपातून तो वास येऊ दे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी वाकले आणि मूठ भरली. त्याच क्षणी हातावर फटका बसला, लहानपणी बसला होता तसाच, आणि दाणे खाली पडले.

"तू नको. तू घरची हाईस."

मग जनीबाय पुढे झाली. तोंडातला तंबाखू तिनं बाजूला थुंकला, उकिडवी बसली, पदर पसरला आणि वेचू लागली. तिचा हात दिसत नव्हता इतका भरभर चालला होता. मी तिच्याकडे बघतच उभी होते. आईनं मला दंडाला धरून वळवलं.

"चल. येचनाऱ्याकडं बगाचं नस्तं."

आम्ही दोघी घरी चालायला लागलो. काका दारात उभा राहून बघत होता.